मांजराला बीचवर न्यायचंय, कोणी नेलंय का?

सायली_अंधेरी
मंडळी, एक वेडा प्रश्न आहे, हसू नका. आमचा बोका खंडू, वय दीड वर्ष, पांढराशुभ्र, देशीच, सोसायटीच्या मीटर रूममध्ये सापडलेला. तेव्हापासून घराबाहेर गेलाय तो फक्त डॉक्टरकडे, तेही रिक्षाभर केकाटत. आता नवऱ्याने कुठलीतरी रील बघितली, कुठलंसं परदेशातलं मांजर पट्टा बांधून वाळूत ऐटीत चालतंय, तेव्हापासून याचं सुरू आहे की आपणपण खंडूला रविवारी संध्याकाळी जुहूला नेऊ. सासूबाई म्हणतात त्याला समुद्राचं कसलं आलंय कौतुक, बांगडा घरी येतोय ना. मी मधल्यामधे. जुहू, वर्सोवा, अक्सा यातलं काय बरं, पट्टा कुठला घ्यायचा, आणि जाताना शांत राहायला काही गोळी देतात का?

नितीन_दादर
रविवारी संध्याकाळी जुहू?? तिथे माणसाला चप्पल ठेवायला जागा नसते ताई. भेळवाले, फुगेवाले, क्रिकेटवाली पोरं आणि कुत्र्यांच्या टोळ्या. खंडूचं काय चुकलं ते तरी सांगा.

तीन_माऊंची_आई
नितीनदादा मस्करी करतायत पण मुद्दा बरोबर आहे. कुत्रा आपल्या माणसाबरोबर असला की कुठेही खूश, मांजराचा जीव मात्र त्याच्या जागेत अडकलेला असतो, स्वतःचा वास असलेला कोपरा, पटकन घुसता येईल असं कपाटाखालचं बीळ. बीचवर नेमकं तेच नाही, सगळं उघडं. तरी काही मांजरं खरंच मजेत फिरतात, आमची मधली फिरते, मोठी जिन्यातच गळपटते. त्यामुळे आधी खंडूचा स्वभाव बघा, नवऱ्याचा नंतर बघू :)

गळ्यातला पट्टा नको, हार्नेस (मान आणि छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या, आणि अंगाला नीट बसणारा घ्या, आत जेमतेम एक-दोन बोटं जातील इतकाच सैल. कारण मांजर घाबरलं की बरेचदा पुढे न पळता मागे मागे सरकतं, खांदे आक्रसून घेतं आणि ढिल्या हार्नेसमधून असं काही सटकतं की हातात नुसत्या पट्ट्या राहतात. आधी घरातच घालून त्याच्यापुढे खाणं ठेवा. पहिल्यांदा घातल्यावर आडवं पडून मेल्याचं नाटक करतात, ते नॉर्मल आहे, पाघळू नका. मग जिना, मग एखाद्या दुपारी सोसायटीचं शांत आवार, आणि तिथेही पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून, डोळे काळेभोर करून बसायला लागला तर समजायचं की बाबाला नकोय हे. बीच राहिला बाजूला.

बॅग घेताना ती अंतराळवीरासारखी प्लास्टिकच्या घुमटाची घेऊ नका, फोटोत छान दिसते पण उन्हात आत भट्टी होते. चारी बाजूंनी जाळी असलेली घ्या, आत त्याचा रोजचा न धुतलेला टॉवेल टाका, आणि बीचवर ती बॅग उघडी ठेवून शेजारी बसा. बाहेर यायचं का नाही ते तो ठरवेल, हाताने ओढून काढायचं नाही.

गोळीचं फक्त डॉक्टरला विचारा, प्लीज. घरातली क्रोसिन वगैरे चुकूनही नको, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसंसुद्धा. तसंच कुत्र्याचे गोचिडीचे थेंब मांजराला लावायचे नाहीत, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराचा जीव घेतं. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस झालेली नसेल तर बाकी सगळं विसरा.

आणि तो पांढरा आहे ना, मग ऊन हा मोठा विषय आहे. पांढऱ्या मांजरांचे कान आणि नाक उन्हाने भाजतात, वर्षानुवर्षं तसं होत राहिलं तर तिथे कॅन्सर होतो. आपलं सनस्क्रीन लावू नका, तो सगळं चाटून घेणार. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागला तर 'बघा बघा किती क्यूट' करत व्हिडिओ काढत बसू नका, मांजर तसं उगाच करत नाही. लगेच सावली, अंगाला साधं पाणी लावायचं (बर्फाचं नाही) आणि डॉक्टरकडे पळायचं.

वेसावची_पोर
मी वेसाव्याचीच, म्हणजे तुमच्या वर्सोव्याची. आमच्याकडे मांजराला बीचवर कोणी नेत नाही, ती आधीच तिथे असतात. बोटींखाली, बोंबील सुकवायच्या वलांडीखाली, एकेकीचा एरिया ठरलेला. बाहेरचा बोका आला तर कुत्र्याच्या आधी त्याच फाडतील त्याला, म्हणून कोळीवाड्याच्या टोकाला नको.

वेळ म्हणाल तर मधल्या वारी, उजाडता उजाडता, ओहोटी बघून. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, लाटांचा आवाजही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी शांत, मला तरी तेच दिवस बरे वाटतात. पण आज ओहोटी सातला होती म्हणून चार दिवसांनीपण सातलाच असेल असं धरून चालू नका, रोज पाऊणएक तास पुढे सरकते. अक्साला मोकळं आहे पण तिथे पाण्याच्या जवळ जाऊच नका, माणसं बुडतात तिथे.

आणि खाली बघून चाला. जाळ्यातून काढून फेकलेले मासे पडलेले असतात, त्यात केंड असतो, तो फुगणारा, त्याचं विष शिजवूनही जात नाही, आमच्यात पोरांना आधी ते शिकवतात. खंडूला काय कळणार, त्याला मासा म्हणजे मासा. पावसाळ्यात तर नेऊच नका. निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल लागतात किनाऱ्याला, मेलेलेपण डसतात. डांबराचे गोळे येतात ते वेगळेच. पंजाला लागले तर आधी खोबरेल चोळून सोडवा, मग भांड्याच्या साबणाने धुवा, तो चाटायच्या आत. तसेही घरी गेल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुवाच, मीठ आणि वाळू पोटात जाते नाहीतर. प्यायला पाणी घरूनच न्या.

सायली_अंधेरी
बाप रे, केंडचं माहीतच नव्हतं. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, रविवार रद्द, जुहू रद्द, आधी हार्नेस आणि सोसायटीचं आवार. पण समजा पुढे कधी नेलंच आणि सुटला हातातून, तर?

तीन_माऊंची_आई
मागे धावायचं नाही, सगळ्यात आधी हे. धावलात की तो अजून लांब जाणार. घाबरलेलं घरातलं मांजर सहसा जवळच्याच आडोशाला घुसतं आणि आवाजच काढत नाही, तुम्ही शेजारून हाका मारत गेलात तरी गप्प. उघडी बॅग आणि तो टॉवेल तिथेच ठेवा, एकाने बसून राहा, दुसऱ्याने खाली वाकून टॉर्चने बोटींखाली, टपऱ्यांखाली बघा, डोळे चमकतात. नाहीच मिळाला तर रात्री गर्दी ओसरल्यावर परत या. हार्नेसला फोन नंबरचा बिल्ला आधीच लावून ठेवा. मायक्रोचिप केली तर उत्तम, पण चिपने मांजर कुठे आहे ते दिसत नाही, कोणी डॉक्टरकडे नेऊन स्कॅन केलं तरच उपयोग.

नितीन_दादर
आणि नवऱ्यालापण एक बिल्ला लावा.

सायली_अंधेरी
😂 लावते. बरं हार्नेस बघतेय ऑनलाइन, खंडू साडेचार किलो आहे, एस घेऊ का एम?

तीन_माऊंची_आई
वजनावरून नका घेऊ, प्रत्येक कंपनीचा एस वेगळा. शिवणाची टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मानेचा मोजा, आणि त्यांच्या चार्टशी जुळवा. झोपेत असताना मोजा, जागा असेल तर टेपशीच खेळत बसेल.