एमटीटीच्या (जिवंत पेशी किती उरल्या ते रंगावरून मोजायची चाचणी) प्लेटमध्ये ड्रगचं फायनल कॉन्सन्ट्रेशन नक्की कसं काढायचं? मदत हवी आहे

एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय आणि एवढ्याशा गणितावर गाडी अडलीय, कोणी नेहमी एमटीटी करत असेल तर सांगा प्लीज. ड्रगचा स्टॉक (मूळ घट्ट द्रावण) १० मिलिमोलर, डीएमएसओ या द्रावकामध्ये. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, प्रत्येक वेलमध्ये पेशींसकट १०० मायक्रोलिटर मीडियम आधीच आहे, त्यावर मी १०० मायक्रोलिटर ड्रग घालणार. वेलमध्ये ५० मायक्रोमोलर हवंय. पण ट्यूबमध्ये ५० चं बनवून घातलं तर वेलमध्ये २५ च होणार ना? लॅबमधली ताई म्हणते ५० च लिही, सगळे तसंच लिहितात. सी१व्ही१ = सी२व्ही२ (कॉन्सन्ट्रेशन गुणिले व्हॉल्यूम) च्या सूत्रात व्ही२ म्हणून ट्यूबमधलं व्हॉल्यूम धरू की वेलमधलं? आणि शेवटी २० मायक्रोलिटर एमटीटीचा रंग पडतो, मग २२० धरायचं का? सरांना विचारलं तर सगळ्यांसमोर बारावीची केमिस्ट्री काढतील म्हणून इथे विचारतेय.

उत्तर: तुझं बरोबर आहे, ताईंचं नाही. पेशींना जे दिसतं ते फायनल, म्हणजे व्ही२ = २००. गणिताने वेलमागे स्टॉक १ मायक्रोलिटरच येतो, पण १ मायक्रोलिटर ९६ वेळा नीट पिपेट होत नाही, त्यामुळे दुप्पट बनव: १० मायक्रोलिटर स्टॉक + ९९० मीडियम = १०० मायक्रोमोलर, त्यातलं १०० वेलमध्ये घाल, झाले ५०. पुढची डायल्यूशन्स निम्मी निम्मी करताना साधं मीडियम वापरू नकोस, १% डीएमएसओ घातलेलं घे, नाहीतर ड्रगबरोबर डीएमएसओही कमी होत जातं आणि पेशी कशाने मेल्या तेच कळत नाही. असं केलंस तर सगळीकडे ०.५% राहील, कंट्रोललाही (ड्रग नसलेल्या वेल्सना) तेवढंच डीएमएसओ दे. एमटीटीचे २० धरू नकोस, तोवर ड्रगचे २४ तास होऊन गेलेले असतात. एमटीटीचं स्वतःचं काढायचं असेल तेव्हा मात्र २२० धर, ५ मिलिग्रॅम प्रति एमएलचं ०.४५ होतं.

थँक्यू!! पण मला १०० चाही पॉइंट हवाय, मग डीएमएसओ १% होईल ना?

उत्तर: हो, आणि बऱ्याच सेल लाइन्सना तेवढं झेपत नाही. ड्रग विरघळत असेल तर स्टॉकच २० मिलिमोलरचा कर, मग १०० लाही ०.५% च राहतं. ट्यूबमध्ये मीडियम घातल्यावर गढूळ दिसलं तर मात्र तो पॉइंट सोडून दे.