मदत हवी आहे: चर्चच्या घंटेवरचा झिजलेला आकडा 2 की 7?

ठाण्यातल्या एका गावठाणातल्या चर्चची काशाची घंटा आहे. तोंडाचा व्यास 52 सेंमी, त्यावरून वजन साधारण 80 किलो. अंगावर क्रूस, त्याखाली 'आनो' (म्हणजे 'वर्ष') आणि साल: 17, मग झिजलेला आकडा, शेवटी 4. अक्षरं उठावाची आहेत, म्हणजे साच्यातच ओतलेली. मागाहून कोरलेली नाहीत.

सगळं त्या एका आकड्यावर अडलंय. 1724 असेल तर घंटा पोर्तुगीज अमलातली, 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी (ठाणे ज्यात येतं ते बेट) घेतली त्याआधीची. 1774 असेल तर मराठी अमलाच्या अगदी शेवटची, कारण त्याच डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला. मग ती ओतवली कुणी, हा शोध वेगळाच!

पातळ कागदावर मेणखडूने ठसा घेतला, अंधारात टॉर्च तिरपा धरून फोटोही काढले. वरची रेघ स्पष्ट उमटते. खालच्या बाजूला नेमका दोर घासत आलाय, त्यामुळे तिथे आडवा पाय होता की नव्हता ते कळत नाही. चर्चच्या नोंदवह्या बऱ्याच नंतर सुरू होतात.

घंटा खाली उतरवता येणार नाही. चिंच, पितांबरी, तारेचा ब्रश कृपया सुचवू नका. हिरवट थराबरोबर उरलेला उठावही जाईल.

नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या 1721 च्या पोर्तुगीज घंटेवरच्या सालाचा जवळून काढलेला फोटो कुणाकडे आहे का? आणि त्या काळच्या ओतीव 2 आणि 7 मध्ये फक्त वरच्या अर्ध्या भागावरून फरक ओळखता येतो का?