मदत हवी आहे: गावातली बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) सगळ्यांना मोफत पाहायला खुली करायची आहे, गर्दी आणि परवानग्या कशा सांभाळाव्यात?

गोदाकाठ:
गाव परभणी जिल्ह्यात. गावच्या पंधरा-सोळा जणांचा गट हिवाळ्यापासून जुन्या बारवेतला झाडोरा आणि गाळ काढतोय. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, बारव सगळ्यांना मोफत पाहायला खुली ठेवायची असं ठरलंय. यंदा तो शनिवारी येतो. आजूबाजूच्या गावांतून साडेतीनशे-चारशे माणसं येतील असा अंदाज आहे.

बारवेचा तपशील: प्रवेश एकच, ५२ पायऱ्या, रुंदी साडेपाच फूट. मध्यावर सहा बाय दहा फुटांचा टप्पा. तळाला साधारण नऊ फूट पाणी. भिंतीत देवकोष्ठं (मूर्तींचे कोनाडे) आहेत, त्यातल्या एकात सात आसरा (पाण्याच्या देवता) असून बायका अजून ओटी भरायला येतात. ईशान्येचा काठ थोडा ढासळलाय. पुरातत्त्व खात्याची पाटी नाही.

प्रश्न असे:
१) परवानगी कुणाकुणाची लागेल?
२) एका वेळी किती लोक आत सोडावेत?
३) दगडावर ऑइलपेंट आणि शेवाळ आहे. काही जण अ‍ॅसिड मारा म्हणतात. मारावं का?
४) संध्याकाळी पणत्या लावाव्यात का?

सातबारा:
पाटी नाही म्हणजे बारव संरक्षित नाही, असं धरून चालू नका. पाट्या पडतात, चोरीला जातात, कधी लागलेल्याच नसतात. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर १९५९ च्या नियमांप्रमाणे स्मारकात सभा, समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, आणि हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकामही चालत नाही. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो.

दोन्ही याद्यांत नसेल तर सातबारा काढा. बारव गावठाणात आहे, कुणाच्या जमिनीच्या गट क्रमांकात आहे की देवस्थान इनामात (देवाच्या नावे दिलेल्या जमिनीत), हे आधी कळायला हवं. जमीन खाजगी असेल तर मालकाचं संमतीपत्र घ्या, त्यात तारीख आणि वेळ लिहा. त्यानंतर ग्रामपंचायतीचा ठराव, आणि पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, अंदाजे गर्दी आणि दोन जबाबदार माणसांची नावं देणारं पत्र. स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर स्पीकर नकोच. बारवेत आवाज घुमतो, एकही शब्द नीट कळत नाही.

पैशांचंही आताच ठरवा. प्रवेश मोफत ठेवून दारात दानपेटी ठेवायची, ही पळवाट होत नाही. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली जावं लागतं. पाणी, फलक, दोर असा खर्च एखाद्या देणगीदाराने थेट दुकानदाराला दिला तर हा प्रश्नच येत नाही.

गाळात काही सापडलं असेल तर तेही महत्त्वाचं. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. मूर्तीचे तुकडे कुणाच्या ओट्यावर नेऊ नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, वहीत नोंद करा, तिथेच सुरक्षित ठेवा.

पायरीमोज:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या जिन्यातच आहे. चारशे माणसं एका दिवसात बसत नाहीत.

हिशोब करा. जिना एकच आणि साडेपाच फुटी. खाली जाणारे आणि वर येणारे समोरासमोर आले की कोणीतरी कडेला सरकणार, आणि पडणारा तिथेच पडतो. म्हणून एक तुकडी पूर्ण वर आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. १२ जणांची तुकडी: उतरायला ४ मिनिटं, खाली थांबायला १०, चढायला ६. म्हणजे तासाला तीन तुकड्या, ३६ माणसं. सकाळी ७ ते १०:३० या वेळात दहा तुकड्या. दुपारी बंद, कारण एप्रिलात मराठवाड्यात त्या वेळी दगडाला हात लावला तरी चटका बसतो. संध्याकाळी ४:३० ते ६:३० सहा तुकड्या. एकूण १६ गुणिले १२, म्हणजे १९२. पावणेसातच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटची तुकडी ६:१० नंतर सोडू नका.

उपाय सोपा आहे, शनिवार-रविवार दोन्ही दिवस ठेवा. १९२ दुणे ३८४. गर्दी अडवण्यापेक्षा दिवस वाढवणं केव्हाही स्वस्त. शिवाय शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे शाळेची स्वच्छतागृहं रविवारीच मोकळी मिळतील. शनिवारसाठी मुख्याध्यापकांशी आधी बोला आणि किल्ली कुणाकडे राहील तेही ठरवून घ्या.

प्रवेश मोफत असला तरी टोकन हवंच. रंगीत कार्डाचे तुकडे, त्यावर वेळ: ७:००, ७:२०, ७:४०. तुकडीत १२ जागा असल्या तरी वाटायची १० टोकनं. दोन जागा उशिरा आलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी राखा. ही दोन टोकनं राखली नाहीत की नऊ वाजता दारात भांडण ठरलेलं.

माणसं अशी लावा: टोकनावर १, दारात १, टप्प्यावर १, पाण्याकाठी २, माहिती सांगायला १, काठावर आणि वाहनतळाकडे १. हे झाले सात. सकाळ आणि संध्याकाळ वेगळ्या पाळ्या केल्या तर चौदा, म्हणजे तुमचा गट पुरतो. पाण्याकाठचे दोघे पट्टीचे पोहणारे हवेत, गावात भोई असतील तर त्यांना विनंती करा. त्यांच्याजवळ हवा भरलेली ट्रकची ट्यूब आणि शंभर फुटी नायलॉन दोर. पाण्याच्या पाच फूट आधी दोर बांधायचा. त्यासाठी दगडात खिळा ठोकू नका, भोक पाडू नका. पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू ठासून त्यात बांबू उभा करा. ढासळलेल्या ईशान्य काठापासून आठ-दहा फूट लांबून दुसरा दोर. वरून वाकून सेल्फी घेणारे तिथेच जमतात.

पिण्याचं पाणी माणशी एक लिटर धरा. दिवसाला २० लिटरचे दहा जार, वर दोन जादा. जार बारवेच्या आत नेऊ नका, सांडलेलं पाणी पायरीवर येतं. १०८ चा नंबर दारात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि रुग्णवाहिका वळवायला मोकळी जागा राहील अशाच गाड्या लावा.

चुनखडी:
अ‍ॅसिड अजिबात नको. दगड बेसॉल्टचा असला तरी सांध्यांत चुना असू शकतो आणि अ‍ॅसिड तो खातं. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशरही नको, छिन्नीच्या खुणा आणि कोरीव कडा कायमच्या जातात. शेवाळाला साधं पाणी आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ ब्रश पुरे. तोही फक्त पायऱ्यांवर, घसरू नये एवढ्यापुरता. भिंतीवरचं शेवाळ उन्हाळ्यात आपोआप वाळतं. ऑइलपेंट राहू द्या. तो काढणं जाणकार माणसाचं काम आहे आणि ते १८ तारखेच्या आत होणार नाही.

पिंपळाचं मूळ ओढून काढू नका, त्याच्याबरोबर दगड येतो. खोड बुंध्याशी कापा, मुळाला हात लावू नका.

पाहुणे येणार म्हणून पंप लावून पाणी झपाट्याने उपसायची कल्पना कुणी काढली तर तीही खोडून काढा. भिंतीमागची माती पाण्याने भिजलेली असते. आतलं पाणी एकदम उतरलं की मागचा दाब तसाच राहतो आणि भिंत आत फुगते. ईशान्येचा कोपरा याच कारणाने गेला असण्याची शक्यता आहे. काठाजवळ जेसीबी आणि ट्रॅक्टरही नको.

मोटेचादोर:
माहिती सांगणाऱ्यासाठी. दहा मिनिटांत तीनच गोष्टी दाखवा. पहिली, पूर्वी मोट चालत असेल तर दोर घासून काठाच्या दगडावर पडलेल्या खाचा. लहान मुलांना त्यात बोट घालून पाहू द्या. दुसरी, उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची पाण्याची खूण, म्हणजे इतक्या पायऱ्या कशासाठी ते न सांगता कळतं. तिसरी, बारवेचा प्रकार. 'अपराजितपृच्छा' या शिल्पग्रंथात प्रवेशांच्या संख्येवरून नावं दिली आहेत: एकाला नंदा, दोनाला भद्रा, तीनाला जया, चाराला विजया. तुमची नंदा.

फलकावर 'हेमाडपंती, तेरावं शतक' असं ठोकून देऊ नका. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, यादवांचा मंत्री होता हे खरं, पण प्रत्येक काळ्या दगडाची बारव त्याच्या काळातली नसते. शिलालेख नसेल तर 'काळ निश्चित नाही' लिहा. शिलालेख असेल तर त्यात खडू, पीठ, कुंकू काही भरू नका. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात. त्याचा फोटो काढून दारात लावा.

सात आसरांची पूजा थांबवू नका, लोक दुखावतील आणि बारवेशी नातं राखलंय ते त्याच बायकांनी. त्यांना पहाटे ६ ते ७ वेळ राखून द्या. नारळ फोडायला वर वेगळा दगड ठेवा.

गोदाकाठ:
खूप आभार. दोन दिवसांचं पक्कं. पणत्यांचं राहिलं. आणि एक सांगायचं विसरलो, टप्प्याच्या वरच्या कपारीत आग्या मोहाचं पोळं आहे.

चुनखडी:
पणत्यांचं तेल दगडात मुरतं आणि धूळ धरतं, डाग जात नाही. या वेळी नकोच. शिवरात्रीला लावायच्याच झाल्या तर प्रत्येक पणती ओली वाळू भरलेल्या ताटलीत ठेवा आणि त्याच रात्री सगळ्या उचला.

पायरीमोज:
पोळ्याची गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती! ढोल, फटाके, ड्रोन, उदबत्ती, अत्तर, सगळं बंद. धूर करून पोळं उठवायला कुणाला सांगू नका, उठलेल्या माश्या खाली अडकलेल्या बारा जणांवरच येतील आणि जिना एकच आहे. वनखात्याला आजच कळवा, त्यांच्या माहितीचा मध काढणारा असेल तर तो रात्री येऊन पाहील. १० एप्रिलपर्यंत पोळं हललं नाही तर आत कुणालाच सोडू नका. काठावरून, दोराच्या मागून बारव दाखवा आणि आतले फोटो वर मांडा. टोकनं तशीच वाटा, फक्त तुकडी पंचवीसची करा.