मोबाइल चोरीला गेला, पण कागदावर 'गहाळ'

धनकवडीची लेक:
काल संध्याकाळी स्वारगेटहून कात्रजला जाणाऱ्या बसमध्ये आईचा मोबाइल मारला. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. उतरल्यावर पाहिलं तर पर्सला ब्लेडने सरळ चीर, आतलं अस्तरही कापलेलं. ठाण्यात मोबाइल 'गहाळ' झाल्याचा अर्ज लिहून घेतला आणि शिक्का मारून दिला. आई म्हणते, झालं ना काम! मला पटत नाहीये. गहाळ काय, चोरी काय, फरक पडतो का?

शिवाजीनगर कोर्ट:
पडतो ताई, खूप पडतो. गहाळ म्हणजे वस्तू आपल्याच हातून कुठेतरी राहिली. त्यात गुन्हाच नाही, मग तपास कसला? दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने हलवली की ती चोरी: भारतीय न्याय संहिता, कलम ३०३. त्यातून प्रवासी गाडीतली असेल तर कलम ३०५, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. एफआयआरचा आग्रह धरा, प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर पोलीस उपायुक्तांना टपालाने लेखी कळवा. आणि पर्स शिवायला टाकू नका, पुरावा तोच आहे. साध्या माणसाची अशी बोळवण होते तेव्हा मला फार चीड येते.

सिंहगड रोडकर:
आपण बोलताना सरसकट चोरीच म्हणतो. शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी ओढलं, तेव्हा सोसायटीत सगळे 'चोरी झाली' म्हणत होते. पण काकूंना ढकलून पाडलं होतं, कोपर फुटलं होतं. ते फिर्यादीत नीट आलं म्हणून जबरी चोरीचं कलम लागलं. दरोडा म्हणायला मात्र किमान ५ जण लागतात.

नाना पेठ:
कलमं होत राहतील, आधी बँकेला फोन करून यूपीआय बंद करा. मग त्याच नंबरचं नवं सिम घ्या, हँडसेट ब्लॉक करायचा ओटीपी त्यावर येईल. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक होतो. त्याला लागणारा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, खोक्यावर असतो.

धनकवडीची लेक:
खोकं माळ्यावर सापडलं, बँकेचंही झालं. उद्या पर्स घेऊन परत जातेय. अर्जात काय काय लिहू?

शिवाजीनगर कोर्ट:
वेळ, बसचा मार्ग, कुठे चढलात, कुठे उतरलात. तिकीट असेल तर जोडा. 'हरवला' हा शब्द कुठेही नको. 'पर्स कापून चोरून नेला' असंच लिहा, आणि सही आईंची.