शाळेवर सायबर हल्ला झाला, तर घरच्यांनी फक्त क्रेडिट फ्रीझ (मुलाच्या नावावर कर्ज निघू नये म्हणून लावलेलं कुलूप) लावून गप्प बसायचं का?

पैलतीर (न्यू जर्सी)
डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या कंपनीतून डेटा चोरीला गेला. अमेरिका-कॅनडातल्या हजारो शाळा हजेरी, गुण, घरचे पत्ते, मुलांच्या आजारांच्या नोंदी या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ६ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती गेली. चोराच्या हाती कंपनीच्या सपोर्ट पोर्टलचा (शाळांना मदत करायच्या वेबसाइटचा) पासवर्ड लागला आणि त्या पोर्टलला ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती. एवढंच पुरलं. आरोपी मॅसॅच्युसेट्समधला १९ वर्षांचा कॉलेजचा मुलगा निघाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला ४ वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने खंडणी भरली होती, डेटा पुसल्याची हमीही मिळाली होती. तरी मे २०२५ मध्ये त्याच डेटाच्या जोरावर शाळा मंडळांना पुन्हा धमक्यांचे मेल आले.

आणि कुटुंबांना काय मिळालं? दोन वर्षं क्रेडिट मॉनिटरिंग, म्हणजे आपल्या नावावर कुणी कर्ज काढतंय का यावर नजर. दुसरीतलं मूल चौथीत जाईपर्यंत ते संपतं. त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला आधारसारखा ओळख क्रमांक) मात्र जन्मभर तोच राहणार.

माझं म्हणणं असं आहे. आपल्या मुलाचा नेमका कोणता रकाना गेला, ते प्रत्येक घराला स्पष्ट कळलंच पाहिजे. "पुढीलपैकी काही माहिती असू शकते" हे उत्तर चालणार नाही. आणि मूल शाळेतून बाहेर पडलं की अनावश्यक माहिती पुसली गेलीच पाहिजे. नसलेली माहिती कुणाला चोरता येत नाही.

कोरा_कागद
पैलतीर ताई, संताप समजतो, पण त्यातून हाती काय लागणार? हल्ले बँकांवर होतात, हॉस्पिटलांवर होतात, शाळा कशा सुटतील? आपल्या हातात आहे ते आधी करा. अमेरिकेत सप्टेंबर २०१८ पासून १६ वर्षांखालच्या मुलांच्या नावावर पालकांना क्रेडिट फ्रीझ फुकट लावता येतो. तो लावला की मुलाच्या नावावर कुणाला कर्ज काढणं फार अवघड. शाळेशी भांडण्यात वर्ष घालवण्यापेक्षा एक दुपार यात घालवा.

पैलतीर
फ्रीझ जरूर लावा, मी लेकीसाठी लावलाय. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारे तीन क्रेडिट ब्युरो, तीन वेगळी पाकिटं. प्रत्येकात तिच्या जन्मदाखल्याची प्रत, सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत, माझं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. म्हणजे माहिती चोरीला गेल्यावर तीच माहिती आणखी तीन ठिकाणी आपण पोस्टाने पाठवायची. ज्या बाईला दोन शिफ्ट कराव्या लागतात, जिला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, तिने काय करायचं?

शिवाय फ्रीझने फक्त कर्ज अडतं. मुलाला फिट्स येतात, मुलगी समुपदेशकाकडे जाते, अमुक माणसाला मूल ताब्यात देऊ नका असा कोर्टाचा हुकूम आहे, हेही शाळेच्या सिस्टिममध्ये असतं. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून नव्या पत्त्यावर राहणाऱ्या आईला फ्रीझचा काय उपयोग?

टोरंटोकर
पुसण्याच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. टोरंटोच्या शाळा मंडळाने या हल्ल्यानंतर कळवलं की १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती यात असू शकते. त्यातली मुलं आज पन्नाशीला आलीत! त्यांचे हेल्थ कार्ड नंबर चालू सिस्टिममध्ये कशाला हवे होते?

खडूफळा (सातारा)
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे आणि मला हे "पुसून टाका" अजिबात पटत नाही. तुम्ही परदेशात बसून बोलताय. इथे जुन्या नोंदीवर माणसाचं आयुष्य अवलंबून असतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. लोक आजोबांचं नाव शोधत शाळेत येतात. मग आम्ही कपाटातून जनरल रजिस्टर काढतो. पानं हाताला लागताच तुटतात, शाई फिकी झालेली असते, तरी जातीच्या रकान्यातल्या एका शब्दासाठी अख्खं घर श्वास रोखून उभं असतं. शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या त्याही अशाच जुन्या कागदांतून. कुणी "गरज संपली" म्हणून ते जाळले असते तर?

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर यू-डायस प्लस आणि सरल ही सरकारी पोर्टल्स, अपार या विद्यार्थी ओळख क्रमांकाची संमतीपत्रं, हे सगळं आम्ही स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर भरतो. उद्या काही झालं तर पहिलं बोट आमच्याकडेच दाखवतील.

पैलतीर
सर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो रास्त आहे. जनरल रजिस्टरला कुणी हात लावू नये. नाव, जन्मतारीख, जात, दाखल केल्याची तारीख हे कायम राहावं. पण तुमच्या कपाटातलं रजिस्टर चोरायला सातारला यावं लागतं आणि एका वेळी एकाच शाळेचं नेता येतं. इंटरनेटला जोडलेल्या सिस्टिममधून एका पासवर्डवर कोट्यवधी मुलं नेता येतात. मूल शाळा सोडून गेलं की कायमची नोंद वेगळी काढा, नेटपासून तोडून ठेवा. आईचा फोन, बापाचं उत्पन्न, मुलाचं आजारपण पुसा. तिसरीतल्या दम्याची नोंद पन्नास वर्षांनी कुठल्या दाखल्याला लागणार आहे?

रानवारा
मला खंडणीबद्दल विचारायचंय. सगळे कंपनीला शिव्या देतात, पण न देऊन काय होतं तेही बघा. २०२३ मध्ये मिनियापोलिसच्या शाळांनी दहा लाख डॉलरची खंडणी दिली नाही. मुलांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी, मानसिक आरोग्याचे अहवाल, सगळं चोरांनी नेटवर टाकलं. माझं मूल त्यात असतं तर मी म्हटलं असतं, द्या पैसे.

टोरंटोकर
आई म्हणून तसंच वाटणार. पण पॉवरस्कूलने पैसे देऊनही मे २०२५ मध्ये शाळांना धमक्या आल्याच ना? डेटाची प्रत चोराकडे राहिली नाही, हे सिद्ध करायचा मार्गच नाही. त्या मिनियापोलिसच्या फायलीही शाळेच्या सर्व्हरवर उघड्या पडण्यासारख्या राहिल्या होत्या, मूळ दुखणं ते आहे.

कोरा_कागद
भारतात तरी आता कायदा आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही आले. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती, गळती झाली तर प्रत्येक बाधिताला कळवायचं, सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड. पण मला भीती वाटते ती छोट्या शाळांची. ज्या शाळेत क्लार्क नाही तिथे डेटा वेगळा काढणार कोण? दंडाच्या धाकाने शाळा गळती लपवतील.

खडूफळा
हेच म्हणतोय मी. ताईंचं रकाने वेगळे करायचं पटलं. पण ते शिक्षकाच्या डोक्यावर टाकू नका. ज्या कंपनीकडे कंत्राट आहे, जे खातं माहिती मागतं, त्यांनी ते सॉफ्टवेअरमध्येच बसवून द्यावं.

पैलतीर
सर, हे वाक्य मी आमच्या शाळा मंडळाला लिहिणाऱ्या पत्रात जसंच्या तसं घेते. कंत्राटातच हवं: मूल बाहेर पडल्यावर किती महिन्यांनी कोणता रकाना पुसणार, आणि न पुसल्यास कंपनीने काय भरायचं. पुढच्या बैठकीत पालकांना तीन मिनिटं बोलायला देतात. मुंबई-पुण्याच्या पालकांनी हाच प्रश्न पालक-शिक्षक संघात विचारावा. फी भरायच्या ॲपपासून सुरुवात करा, त्यात मुलाचं आधार कशाला मागतात ते लेखी घ्या.