एक्सला इंडेक्स सापडेना, होमिंग अडकतंय (लिनक्ससीएनसी + मेसा ७आय७७)

शिरोली_वर्कशॉप:
मंडळी, जुन्या व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनचा) कंट्रोल काढून लिनक्ससीएनसी (कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मेसाचं ७आय७७ कार्ड टाकलंय, मोटर फिरवणारे ड्राइव्ह जुनेच ±१० व्होल्टवाले. एन्कोडर (स्क्रू किती फिरला ते मोजणारा सेन्सर) २५०० लाइन, बॉलस्क्रू १० एमएम पिच, डायरेक्ट कपलिंग. बाकी दोन अ‍ॅक्सिस मस्त होम होतात (आपली शून्याची जागा शोधतात) पण एक्स काय ऐकत नाही, स्विच लागतो, मागे येतो आणि मग इंडेक्स (एन्कोडरचा फेरीला एकदाच येणारा पल्स) शोधत हळूहळू सरकतच राहतो तो थेट लिमिटपर्यंत. पोझिशन बरोबर मोजतोय, म्हणजे ए आणि बी फेज (मोजणीचे दोन सिग्नल) ठीक असणार. हॅलस्कोप (लिनक्ससीएनसीमधला सिग्नल बघायचा स्कोप) लावून स्क्रू हाताने फिरवला तरी पल्स दिसत नाही. एन्कोडर गेला म्हणायचा का? मालक आधीच खर्चावरून तोंड वाकडं करून बसलाय.

हॅलवाला:
थांब, एवढ्यावरून एन्कोडर भंगारात टाकू नकोस. २५०० लाइन म्हणजे एका फेरीला १०,००० काउंट आणि इंडेक्स पल्स बहुतेक एन्कोडरमध्ये एकाच काउंटएवढा असतो, म्हणजे तुझ्याकडे १ मायक्रॉन. हाताने १०० आरपीएमने फिरवलास तर तो ६० मायक्रोसेकंदात येऊन गेलेला असतो आणि तुझा सर्वो थ्रेड (सॉफ्टवेअर ज्या ठोक्याने सिग्नल वाचतं तो) १ मिलिसेकंदाचा, मग स्कोपवर दिसणार कसा? कार्डावरचं हार्डवेअर तो पकडतं म्हणून तर होमिंग चालतं.

खरी टेस्ट अशी कर. मशीन ऑफ, ड्राइव्ह डिसेबल. हॅल फाइलमधली (सिग्नल कुठे जोडायचे ते लिहिलेली फाइल) एक्सच्या इंडेक्स-एनेबलची नेट लाइन तात्पुरती कमेंट कर, हॅलशो (पिनची स्थिती दाखवणारी खिडकी) उघड, एन्कोडरचा इंडेक्स-एनेबल पिन सेटपी कमांडने ट्रू कर आणि स्क्रू एक-दोन फेऱ्या फिरव. इंडेक्स आला की पिन आपोआप फॉल्स होतो आणि काउंट शून्यापासून सुरू होतात. ट्रूच राहिला तर पल्स कार्डापर्यंत पोचतच नाहीये.

डोळ्याने बघायचाच असेल तर ३० एमएम पर मिनिटने जॉग कर, इनपुट-इंडेक्स पिनवर ट्रिगर लाव, त्या स्पीडला पल्स २ मिलिसेकंदाचा होतो.

पॅनेलवायरमन:
त्यात भर, आधी एक्स आणि वायच्या एन्कोडर केबल कार्डावर अदलाबदल करून हीच टेस्ट घ्या. दोष केबलबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेला तर कार्ड सुटलं. पण ड्राइव्ह चुकूनही ऑन करू नका हां, फीडबॅक उलटसुलट असताना एनेबल दिलं तर टेबल सुसाट पळेल.

मग मीटर घ्या. डिफरन्शियल एन्कोडर (प्रत्येक सिग्नलला सरळ आणि उलटी अशा दोन वायरी) असेल तर ० व्होल्टच्या संदर्भाने झेड फेज (म्हणजे इंडेक्सच) आणि झेड बार (त्याची उलटी वायर) दोन्ही मोजा, एक जवळपास शून्य आणि दुसरा साडेतीन-चारच्या आसपास पाहिजे. दोन्हीकडे सारखंच रीडिंग आलं तर एक वायर कुठेतरी सुटलीय. ७आय७७ वरचा त्या चॅनलचा जंपरही बघा, टीटीएल (एका वायरचा सिग्नल) का डिफरन्शियल ते.

शिरोली_वर्कशॉप:
सापडलं! दोन्हीकडे ०.३ व्होल्ट. ड्रॅग चेनच्या टोकाला जॉइंट उघडला तर झेड बारची वायर मागच्या कोणीतरी कापून टेपमध्ये गुंडाळून ठेवलेली, बहुतेक जुन्या कंट्रोलला लागत नसावी. सोल्डर मारला, शील्ड नीट केली, आता पिन लगेच फॉल्स होतो, होमिंगही होतंय.

पण नवीनच भानगड, कधी कधी होम बरोबर १० एमएमने पुढेमागे येतो. बरोबर १०!

टर्निंग_सेटर:
बरोबर एक पिच चुकतोय ना, मग सिग्नल ठणठणीत आहे. स्विच ज्या जागी सुटतो तिथेच इंडेक्स आलाय तुमचा. स्विच थोडा आधी सुटला तर हा इंडेक्स मिळतो, थोडा उशिरा सुटला तर पुढच्या फेरीतला. कूलंट आणि चिप्समध्ये बसलेल्या लिमिट स्विचकडून मायक्रॉनची अपेक्षा धरू नये.

फॅनुक कंट्रोलवर डायग्नोसिस ३०२ मध्ये डॉग (स्विच दाबणारा ठोकळा) सुटल्यापासून ग्रिडपर्यंतचं, म्हणजे इंडेक्सपर्यंतचं अंतर दिसतं, ते अर्ध्या फेरीच्या जवळ ठेवतात. तुम्ही होम झाल्यावर स्विचच्या दिशेने अगदी हळू जॉग करा आणि स्विचचा पिन बदलतो ते रीडिंग लिहून घ्या. ०.१ किंवा ९.९ असं काही येईल. ते ५ च्या आसपास आणायचं, डॉग ५ एमएम सरकवा नाहीतर कपलिंग ढिलं करून एन्कोडर अर्धी फेरी फिरवा. मी तरी डॉगच सरकवतो, कपलिंगला हात लावला की रनआउट (फिरताना येणारी डगमग) बघत बसावं लागतं.

हॅलवाला:
+१. आणि सरकवल्यावर होम ऑफसेट (होमच्या जागेचा आकडा) दुरुस्त कर, जी५४ (जॉबचा शून्य) परत घे, नाहीतर पहिल्याच जॉबला टूल व्हाइसमध्ये घुसेल.