तासावर घेता की महिन्याचं बांधून? अनुभव सांगा

धरमपेठकर
आज भाच्याचा फोन आला. पहिलंच फ्रीलान्स काम, ब्रोशरचं, अन् समोरचा विचारतोय, "तासाचे किती?" माझे सुरुवातीचे दिवस आठवले. बर्डीवरच्या एका दुकानाचं काम मी तासावर घेत होते. हात बसत गेला, काम लवकर उरकू लागलं, तसं बिलही घटत गेलं. फार वाईट वाटायचं. आता नेहमीच्या लोकांशी महिन्याचं बांधलेलं आहे: २० तास, पैसे ५ तारखेच्या आत आगाऊ. उरलेले तास पुढे जात नाहीत, वर लागले तर दर जास्त. एकेकटं काम असेल तर कामाचाच आकडा सांगते. तुमचं कसं? भाच्याला दाखवायचंय.

कूलरसमोर
तास पुढे न नेणं एकदम बरोबर. माझ्याकडे एकाने दिवाळीपासून काहीच दिलं नाही आणि साचलेले सगळे तास मार्चमध्ये मागितले. मार्चमध्ये!! आता करारात लिहूनच घेतो.

वऱ्हाडी_पोर
लिहून घेता ते ठीक हाय, पण पैसे वेळेवर कोन देऊन राहिलं बाप्पा? माझं दसऱ्याचं बिल होळीले आलं.

संत्राबर्फी
@वऱ्हाडी भाऊ, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, केली का? फुकट आहे, आधार-पॅनवर होते. मग लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर तो खर्च त्यांना आयकरात पैसे देतील त्याच वर्षी दाखवता येतो. मी बिलावर उद्यम क्रमांक टाकते. मार्च जवळ आला की त्यांचे सीएच फोन करतात, काय राहिलंय म्हणून.

वऱ्हाडी_पोर
ताई हे मले कोनीच सांगतलं नव्हतं. आजच करतो. लय उपकार.

मिहानवाली
प्रवासाचे तास कोणी धरतं का? नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की अर्धे रस्ते बंद, सदरहून क्लायंटकडे पोचेपर्यंत जीव जातो

कूलरसमोर
धरतो, अर्ध्या दराने. फोनवरच्या मीटिंग पूर्ण दराने.

खामल्यातून
अधिवेशनात मी घराबाहेरच पडत नाही. पोरगं तान्ह्या पोळ्याचा बैल अजून सोडत नाहीये, चाक निघालंय त्याचं, ते बसवतेय. नंतर लिहिते.

पहाटेचा_कोडर
बाहेरदेशचं काम तासावरच येतं आणि मला तेच बरं वाटतं. अपवर्क या कामं देणाऱ्या साइटचा ट्रॅकर दर दहा मिनिटांच्या तुकड्यात स्क्रीनचा एक फोटो घेतो, त्यामुळे तासांवरून वाद होत नाही. मात्र स्क्रीनपासून दूर बसून विचार करायचा वेळ त्यात येत नाही, तो दरातच धरायचा. मे महिन्यात लाइट गेली की खरी पंचाईत, इन्व्हर्टर आधी घ्या.

धरमपेठकर
@पहाटेचा दादा, विचार करायचा वेळ दरात धरायचा, हे भाच्याला आत्ताच पाठवलं.

खामल्यातून
बसवलं एकदाचं चाक. एकच विचारते, ३०,००० चं बिल केलं अन् २७,००० च आले. कापले का त्यांनी?

संत्राबर्फी
टीडीएस असेल ताई, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, १० टक्के. आयकराच्या साइटवर २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदीत, दिसतंय का बघा आधी. रिटर्न भरलं की कर जितका बसतो त्यातून वळता होतो. दिसत नसेल तर त्यांच्या अकाउंटंटला विचारा, भरला की नाही ते.

खामल्यातून
बघते, पासवर्ड शोधते आधी